पाणीवाली बाई : मृणालताई गोरे

मुलांनो, आज सकाळी शाळेत येण्यापूर्वी तुम्ही तोंड धुतले असेल. घरात कोणीतरी पिण्याचे पाणी भरून ठेवले असेल. शेगडीवर चहा उकळला असेल. रात्री तुम्ही एखाद्या छपराखाली झोपला असाल. मग ते छप्पर पक्क्या इमारतीचे असो, चाळीचे असो की पत्र्याचे असो. पाणी, चूल आणि छप्पर या तीन गोष्टी इतक्या रोजच्या आहेत की, त्या मिळत असताना आपण त्यांचा विचार करीत नाही. पण एक दिवस नळ कोरडा राहिला की सारे घर अडून बसते.

या तीन गोष्टींसाठी जन्मभर झगडलेल्या एका बाईंची गोष्ट आज आपण वाचणार आहोत. त्यांचे नाव मृणाल गोरे. लोक त्यांना मृणालताई म्हणत. गोरेगावच्या झोपडपट्ट्यांत मात्र त्यांना दुसरेच नाव मिळाले होते. तेथील लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत. हे नाव त्यांना कसे मिळाले, हे समजण्यासाठी आधी आपल्या उपनगरांची जुनी स्थिती जाणून घेतली पाहिजे.

तुम्ही अंधेरीला राहत असाल, घाटकोपरला, मुलुंडला किंवा बोरिवलीला राहत असाल. आज ही सारी ठिकाणे मुंबईच आहेत. पण १९५० पर्यंत मुंबई महानगरपालिकेची हद्द माहीम आणि शीव येथेच संपत असे. त्यापलीकडे उत्तरेला लहान लहान गावे होती. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर ही गावे महानगरपालिकेत आली. १९५७ मध्ये गोरेगाव, मालाड, बोरिवली आणि मुलुंड हा आणखी उत्तरेचा भाग तिच्यात सामील झाला. कारभार करणारे लोक दक्षिणेला, फोर्टमध्ये बसत. कामासाठी मुंबईत आलेल्या गरीब लोकांना मात्र दक्षिणेत जागा मिळत नसे. ते लोकलच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत गेले आणि मोकळ्या जागेवर झोपड्या बांधून राहू लागले. लोक आले, पण त्यांच्यामागून पाणी, रस्ते आणि दिवे आले नाहीत.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव मोहिले. त्या अभ्यासात हुशार होत्या. डॉक्टर होण्यासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले होते. त्या काळी मुलीने डॉक्टर होणे ही फार मोठी गोष्ट समजली जाई.

ते दिवस स्वातंत्र्याच्या लढ्याचे होते. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल नावाची तरुणांची संघटना सुरू झाली होती. तेथे मुलेमुली एकत्र येत, खेळत, गाणी म्हणत, वस्त्यांत जाऊन सफाई करीत. जात आणि धर्म यांचा भेद तेथे पाळला जात नसे. मृणालताई या सेवा दलात काम करू लागल्या. तेथेच त्यांची केशव गोरे या तरुण कार्यकर्त्याशी ओळख झाली. सारे त्यांना बंडू गोरे म्हणत. १९४८ मध्ये दोघांनी लग्न केले. दोघांची जात वेगळी होती. असे लग्न त्या काळी सहज स्वीकारले जात नसे.

मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले आणि लोकांमध्ये काम करण्याचे ठरवले. मुलांनो, या निर्णयाचा नीट विचार करा. तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांचे स्वप्न असेल की, आपल्या घरात एक तरी डॉक्टर व्हावा. तुम्ही शिक्षण सोडावे, असे मी मुळीच सांगत नाही. मृणालताईंनी जे सोडले, ते आरामाचे आणि मानाचे आयुष्य होते. शिकणे त्यांनी कधीच सोडले नाही. पुढे पाण्याचे नळ, जमिनीचे कायदे, धान्याचे भाव या विषयांचा त्यांनी एखाद्या विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला.

लग्नानंतर हे जोडपे गोरेगावला राहू लागले. तेव्हा गोरेगाव हे गाव होते आणि तेथे ग्रामपंचायत होती. मृणालताई ग्रामपंचायतीच्या सदस्य झाल्या. स्त्रियांचे आरोग्य आणि कुटुंब नियोजन यांसाठी त्यांनी तेथे काम सुरू केले. घरोघरी जाताना कोणत्या घरी किती माणसे आहेत, कोण आजारी आहे, पाणी कोठून आणले जाते, हे सारे त्यांना समजत गेले.

१९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. मृणालताई तेव्हा अवघ्या ३० वर्षांच्या होत्या. पदरी लहान मुलगी होती. अशा वेळी कोणीही घराबाहेरचे काम थांबवले असते आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता. पण पतीबरोबर सुरू केलेले काम त्यांनी एकटीने पुढे नेले. मित्रांनी आणि गोरेगावच्या लोकांनी मिळून केशव गोरे यांच्या नावाने स्मारक उभे केले. ते स्मारक म्हणजे नुसता पुतळा नव्हता. लोकांनी एकत्र जमावे, वाचावे, प्रश्नांवर चर्चा करावी, यासाठी ती जागा होती. मृणालताईंच्या पुढील अनेक कामांची आखणी या स्मारकातच झाली.

१९६१ मध्ये मृणालताई मुंबई महानगरपालिकेवर नगरसेविका म्हणून निवडून आल्या. त्यांच्यासमोर पहिला प्रश्न होता पाण्याचा.

आता एक विचित्र गोष्ट पाहा. मुंबईला पाणी देणारे विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये तयार झाले. हे दोन्ही तलाव उपनगरांच्याच डोंगरांत आहेत. म्हणजे पाणी उत्तरेला साठत होते आणि मोठमोठ्या नळांतून दक्षिणेकडे वाहत होते. पण तलावांच्या जवळच राहणाऱ्या झोपडपट्टीत एक थेंब मिळत नसे. बायका हंडा आणि कळशी घेऊन दूरच्या विहिरीवर जात. मुली शाळेऐवजी पाण्याच्या रांगेत उभ्या राहत. कोणाकडे पैसे असले, तर हंड्याच्या हिशेबाने पाणी विकत घ्यावे लागे.

पालिकेचे अधिकारी काय म्हणत असत, तेही समजून घेऊ या. त्यांचे म्हणणे असे की, या झोपड्या परवानगीशिवाय बांधल्या आहेत. त्यांना नळ दिला तर त्या कायम होतील. शिवाय शहराला मिळणारे पाणी आधीच अपुरे आहे आणि माणसे रोज वाढत आहेत. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

मृणालताईंचे उत्तर साधे होते. झोपडी कायदेशीर आहे की नाही, हा जमिनीचा प्रश्न आहे. तहान हा माणसाचा प्रश्न आहे. झोपडीला परवानगी नसली, तरी तिच्यात राहणाऱ्या मुलाला तहान लागतेच. त्याने घाण पाणी प्यायले, तर तो आजारी पडतोच. आणि हे लोक फुकट मागत नाहीत. आजही ते पाण्याचे पैसे देतातच, पण ते पालिकेला न देता पाणी विकणाऱ्याला देतात. मग पालिकेनेच त्यांना नळ का देऊ नये?

हा मुद्दा त्यांनी सभागृहात पुन्हा पुन्हा मांडला. पण केवळ भाषणावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी वस्तीतील स्त्रियांना बरोबर घेतले. रिकामे हंडे घेऊन या स्त्रियांचे मोर्चे पालिकेच्या कचेरीवर जाऊ लागले. ज्या स्त्रीने कधी कचेरीची पायरी चढली नव्हती, ती अधिकाऱ्यासमोर उभी राहून आपली अडचण सांगू लागली. हळूहळू गोरेगावच्या वस्त्यांत नळ आले. एका गल्लीला एक, दहा-वीस घरांना मिळून एक असे ते नळ होते. तुम्हांला ते थोडे वाटतील. पण ज्या मुलीचा सगळा दिवस विहिरीवर जात असे, तिच्यासाठी तो नळ म्हणजे शाळेचा उघडलेला दरवाजा होता. मृणालताईंना पाणीवाली बाई हे नाव अशा वस्त्यांनी दिले.

मुलांनो, येथे थोडे शब्दांकडे लक्ष द्या. अर्ज, तक्रार, हक्क हे शब्द तुम्ही उर्दूच्या पुस्तकातही वाचता आणि मराठीच्या पुस्तकातही वाचता. दोन्ही भाषांत ते घरचेच आहेत. मृणालताईंचे सारे काम या तीन शब्दांत मावते. त्या आधी अर्ज करीत. अर्जाचे उत्तर आले नाही, तर तक्रार करीत. तक्रारीचीही दाद लागली नाही, तर लोकांना घेऊन रस्त्यावर येत. आणि हे सारे करताना त्या दया मागत नसत. हक्क मागत असत.

१९७२ मध्ये मृणालताई महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आल्या. त्या समाजवादी विचारांच्या होत्या आणि विरोधी पक्षात बसत. त्या विधानसभेत २७० जागा होत्या आणि त्यांपैकी २२२ जागा एकट्या काँग्रेस पक्षाकडे होत्या. म्हणजे मत मोजायची वेळ आली की विरोधी पक्षाचा पराभव ठरलेलाच असे. मग थोड्या आमदारांनी काय करावे? आमदाराच्या हातात मताखेरीज आणखीही साधने असतात. तो मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतो. एखाद्या तातडीच्या गोष्टीकडे सभागृहाचे लक्ष वेधू शकतो. स्वतःचे विधेयकही मांडू शकतो. मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते उत्तर लिहून ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येते. मृणालताईंनी ही साधने वापरली आणि स्वयंपाकघरातले प्रश्न सभागृहात नेले.

त्या वर्षी महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला होता. धान्य, साखर, गोडे तेल यांचे भाव वाढले होते. रॉकेल मिळेनासे झाले होते. रॉकेल म्हणजे तेच, ज्याला मुंबईत घासलेट म्हणतात आणि तुमच्या घरी मिट्टी का तेल म्हणत असतील. आज बहुतेक घरांत गॅस आहे, म्हणून रॉकेलचे महत्त्व तुमच्या लक्षात येणार नाही. त्या वेळी गॅस थोड्या घरांत होता आणि तो मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. गरिबाचा स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर होत असे. जेथे वीज नव्हती, तेथे रात्रीचा कंदीलही रॉकेलवरच जळत असे. रॉकेल संपले की जेवण थांबे आणि मुलांचा अभ्यासही थांबे. रेशनच्या दुकानासमोर डबे घेऊन लांबच लांब रांगा लागत. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईने अर्धा दिवस रांगेत घालवला की तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. म्हणजे ते रॉकेल तिला सरकारी भावापेक्षा खूप महाग पडे.

त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले. अरब देशांनी काही देशांना तेल देणे बंद केले आणि तेलाची किंमत वाढवली. तेलाचे एक पिंप सुमारे ३ डॉलरला मिळत होते, त्याचा भाव काही महिन्यांत सुमारे १२ डॉलरपर्यंत गेला. भारत आपल्या तेलाचा मोठा भाग बाहेरून आणत असे. दूरच्या देशातील युद्धाची झळ अशी गोरेगावच्या झोपडीतील स्टोव्हपर्यंत येऊन पोहोचली.

युद्ध थांबवणे मृणालताईंच्या हातात नव्हते. पण जे तेल आणि धान्य देशात आहे, ते सर्वांना सारखे आणि योग्य भावाने मिळावे, व्यापाऱ्यांनी ते दडवून ठेवू नये, अशी मागणी त्या करू शकत होत्या. १९७२ मध्ये मुंबईतील स्त्रियांनी महागाईविरोधी संयुक्त समिती स्थापन केली. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि तारा रेड्डी या तिच्या प्रमुख नेत्या होत्या. त्या एकाच पक्षाच्या नव्हत्या. कोणी समाजवादी होत्या, कोणी कम्युनिस्ट होत्या. निवडणुकीत त्यांचे पक्ष वेगळे असत. पण चुलीचा प्रश्न सर्वांचा एकच होता.

या समितीने हजारो स्त्रियांना रस्त्यावर आणले. त्यांच्या हातांत लाटणी होती. लाटणे म्हणजे ज्याला तुम्ही घरी बेलन म्हणता. त्यांना सांगायचे होते की, पीठ नाही, तेल नाही, तर लाटण्याचे घरात काय काम? म्हणून ते त्यांनी मोर्चात आणले. या मोर्चांना लाटणे मोर्चा हे नाव पडले. कधी ठरलेल्या वेळी घराघरांतून स्त्रिया रिकामी थाळी चमच्याने वाजवीत. त्याला थाळीनाद म्हणत. ज्यांना मोर्चात जाता येत नसे, त्या आपल्या दारातूनही या लढ्यात भाग घेऊ शकत होत्या. यातून सगळी महागाई संपली, असे नाही. पण सरकारला रेशनच्या पुरवठ्याकडे लक्ष द्यावे लागले. आणि भाव वाढले तर गप्प बसायचे नसते, हे हजारो स्त्रियांना समजले.

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. सरकारविरुद्ध बोलणे, सभा घेणे, मोर्चा काढणे यांवर बंदी आली. अनेक नेत्यांना पकडण्यात आले. मृणालताई काही महिने भूमिगत राहून काम करीत होत्या. नंतर त्यांनाही पकडले. काही काळ त्यांना अकोल्याच्या तुरुंगात इतर राजकीय कैद्यांपासून दूर, एकटे ठेवण्यात आले. रोज शेकडो माणसांत वावरणाऱ्या बाईला एकटे ठेवणे ही फार कठोर शिक्षा होती. तरीही त्या खचल्या नाहीत.

मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या. उत्तर मुंबईच्या मतदारांनी मृणालताईंना लोकसभेवर निवडून दिले. हंडा घेऊन पालिकेत जाणारी पाणीवाली बाई आता दिल्लीला पोहोचली. १९७९ मध्ये ती लोकसभा मुदतीआधीच विसर्जित झाली आणि मृणालताई पुन्हा मुंबईच्या वस्त्यांत कामाला लागल्या. सभागृहात असल्या काय आणि नसल्या काय, त्यांचे काम थांबत नसे.

आता राहिला तिसरा प्रश्न, छपराचा. मुंबईत जमीन फार महाग. काही लोकांकडे शेकडो एकर जमीन पडून होती आणि लाखो लोकांना पाय ठेवायला जागा नव्हती. १९७६ मध्ये केंद्र सरकारने नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा केला. या कायद्याप्रमाणे मुंबईसारख्या शहरात एका व्यक्तीला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नसे. जास्तीची जमीन सरकारने घ्यावी आणि ती लोकांच्या उपयोगी आणावी, असा हेतू होता. पण याच कायद्यात सूट देण्याची कलमेही होती. त्या सवलती घेऊन अनेक मालकांनी जमिनी आपल्याकडेच ठेवल्या. कायदा कागदावर राहिला.

मृणालताईंनी हा कायदा नीट वाचला. त्यांचे सहकारी बाबुराव सामंत आणि इतर कार्यकर्ते यांच्याबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. निवारा म्हणजे आसरा, राहण्याची जागा. परिषदेची मागणी अशी होती की, सरकारने आपलाच कायदा पाळावा आणि जास्तीच्या जमिनीवर कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे बांधू द्यावीत. लोक घरे फुकट मागत नव्हते. थोडे थोडे पैसे साठवून घराची किंमत भरण्यास ते तयार होते. त्यांना फक्त परवडणाऱ्या भावात जमीन हवी होती. यासाठी अर्ज झाले, मोर्चे झाले, न्यायालयात दावे झाले. वर्षांमागून वर्षे गेली. शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे जमीन मिळाली आणि तेथे सुमारे ६ हजार घरांची वसाहत उभी राहिली. आज तुम्ही दिंडोशीला गेलात, तर नागरी निवारा हे नाव तुम्हांला पाट्यांवर वाचायला मिळेल.

१९८५ मध्ये मृणालताई पुन्हा विधानसभेवर निवडून आल्या. १९८८-८९ मध्ये त्या विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या होत्या. दोन वर्षांपूर्वी याच जागेवर मालेगावचे समाजवादी नेते निहाल अहमद होते. विरोधी पक्षनेत्याचे काम फक्त सरकारला नावे ठेवणे नसते. सरकारने जे पाहिले नाही, ते त्याला दाखवणे हे त्याचे काम असते. मृणालताईंनी असाच एक विषय सभागृहात आणला. जन्माआधीच मुलगा की मुलगी हे तपासून मुलीचा गर्भ पाडण्याची वाईट रीत तेव्हा पसरत होती. तिच्याविरुद्ध त्यांनी विधेयक मांडले. स्त्रियांच्या संघटना आणि डॉक्टरही या मागणीच्या मागे उभे राहिले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या तपासणीवर बंधन घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते. पुढे १९९४ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला. डॉक्टर होता होता राहिलेल्या बाईंनी अशा रीतीने अनेक मुलींचे प्राण वाचवण्यास मदत केली.

उतारवयातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९९० नंतरच्या काळात कोकणातील दाभोळ येथे एन्रॉन या परदेशी कंपनीचा वीज प्रकल्प उभा राहत होता. त्या प्रकल्पाची वीज फार महाग पडेल आणि तिचा बोजा शेवटी सामान्य माणसावर पडेल, असे मृणालताईंचे मत होते. म्हणून त्यांनी त्या प्रकल्पाला विरोध केला. २००१ मध्ये राज्याच्या वीज मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. रॉकेलपासून विजेपर्यंत त्यांचा प्रश्न एकच राहिला. गरिबाच्या घरातला दिवा किती पैशांत जळतो, हा तो प्रश्न.

१७ जुलै २०१२ रोजी वसई येथे मृणालताईंचे निधन झाले. त्या ८४ वर्षांच्या होत्या. गोरेगावात आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे.

मुलांनो, मृणालताईंनी सारे प्रश्न सोडवले, असे समजू नका. दिंडोशीला सुमारे ६ हजार घरे झाली. पण मुंबईत घर नसलेले लोक लाखोंनी होते आणि आजही आहेत. ज्या जमीन कायद्याच्या आधाराने ती घरे मिळाली, तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. अनेक वस्त्यांत आजही पाण्यासाठी पहाटे उठावे लागते. तुमच्यापैकी काहींना हे मी सांगण्याची गरज नाही. शाळेत येण्यापूर्वी तुम्ही स्वतः हंडे भरून येता.

मग त्यांच्या धडपडीचा उपयोग काय झाला? त्याचे एक उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी मिळाले. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, झोपडी बेकायदेशीर असली, तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. पालिकेने त्यासाठी धोरण तयार करावे. आठवते ना, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी एक नगरसेविका नेमके हेच सांगत होती? तेव्हा तिचे म्हणणे अनेकांना हट्ट वाटले होते. आता न्यायालयाने त्याला हक्क म्हटले.

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा की, त्या तुमच्याएवढ्या असताना पाणी कोठून आणत होत्या. रॉकेलच्या रांगेत त्या कधी उभ्या राहिल्या होत्या का, तेही विचारा. त्यांनी उर्दूत सांगितलेली हकिगत वहीत मराठीत लिहून काढा आणि उद्या वर्गात वाचून दाखवा. तुमच्या गल्लीत पाण्याची, दिव्याची किंवा गटाराची अडचण असेल, तर तीही लिहा. किती घरांना ती अडचण आहे, किती दिवसांपासून आहे, हे मोजून लिहा. मग आपल्या भागाच्या नगरसेवकाला मराठीत अर्ज कसा लिहायचा, ते आपण पुढच्या तासाला शिकणार आहोत. मृणालताईंच्या कामाची सुरुवात अशा मोजणीने आणि अशा अर्जानेच होत असे.